मुरलेला रस

इ. स. १६९० मध्यें जॉन ओव्हिंग्टन नांवाचा इंग्रज पाद्री सुरतेस आला. शिवाजीमहाराजांनीं हें शहर दुसऱ्यांदा लुटलें, त्यास तेव्हां सुमारें वीस वर्षें झालीं होतीं. तेथील इंग्रजांच्या वखारींत जेवतांना बांबूच्या व आंब्याच्या लोणच्यांबरोबर ‘सोय’ नांवाचा रस वाढीत, आणि तोंडीं लावण्याच्या सर्व पदार्थांत तो श्रेष्ठ होय, असें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केलें आहे. ‘सोय’ हा जपानी ‘शोयू’ शब्दाचाच अपभ्रंश. नागासाकीच्या देजिमा बेटावरील डच व्यापारी सतराव्या शतकांत हा रस आशियांतील आपल्या वखारींस पाठवीत असत. सोयाबीनला युरोपांत ‘सोया’ हें नांव पडलें तेंही या रसावरूनच. मुलावरून बापाची ओळख व्हावी, तसा हा प्रकार!

आज हा रस आपल्याही घरोघरीं आला आहे. परंतु तो सर्वत्र एकच, ही समजूत मात्र चुकीची आहे. टोकियोच्या बाजूस नोदा व चोशी येथें सोयाबीन आणि भाजलेला गहूं जवळजवळ समप्रमाणांत घेऊन गडद, सुवासिक ‘कोइकुची’ करतात. आइचीकडील ‘तामारी’ बहुतांशीं निव्वळ सोयाबीनचा, म्हणून दाट व उग्र. पश्चिमेकडील तात्सुनोचा ‘उसुकुची’ रंगानें फिकट असतो. फिकट तो सौम्य, असें समजून जो तो सढळ हातानें ओतील, तो फसेल. कारण मिठाचें प्रमाण त्यांतच अधिक असतें.

हे भेद धान्याचे व मिठाचे झाले. याहून मोठा भेद काळाचा आहे. धान्यावर कोजी नांवाची बुरशी वाढवून तें मिठाच्या पाण्यांत महिनोन् महिने आंबवीत ठेवलें म्हणजे खरा शोयू तयार होतो. उलट, हायड्रोक्लोरिक आम्लांत सोयाबीनची पेंड शिजविली, सोड्यानें आम्ल मारलें व रंग घातला, कीं कांहीं दिवसांतच रस हातीं येतो. त्यांत खारटपणा असतो, मांसल गोडीही असते. नसतो तो सुगंध.

या दोहोंचा निर्णायक सामना १९४८ च्या सुमारास झाला. युद्धानें जपान उपाशी होता. सोयाबीन अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हातीं होतें. आम्लाच्या कृतीनें तेवढ्याच धान्यांतून अधिक रस निघतो, तेव्हां धान्य रसायनवाल्यांस द्यावें, असा विचार बळावला. तो निष्ठुर म्हणतां येणार नाहीं. भुकेल्या देशांत सुगंधाची बाजू कोणी मांडावी? परंतु धान्य बंद झालें असतें, तर शतकानुशतकांची विद्या एका पिढींत बुडाली असती. नोदाच्या कारखानदारांनीं तोड काढली: सौम्य आम्लानें धान्य अर्धवट फोडावयाचें व मग कोजी घालून आंबवावयाचें. वाटाघाटी होऊन धान्य मिळालें, आणि ही कृति त्यांनीं प्रतिस्पर्ध्यांसही विनामूल्य खुली केली. दिवस पालटल्यावर याच तडजोडीचा त्याग करून बहुतेक कारखाने पुन्हां जुन्या पद्धतीकडे वळले.

तडजोड टिकण्यासाठीं असते, तशी ती कधीं कधीं सोडण्यासाठींही असते. अडचणीच्या काळीं पत्करलेला उणेपणा हीच आपली परंपरा, असें त्या लोकांनीं मानलें नाहीं, यांतच त्यांचें यश आहे. लोणचें मुरूं द्यावें लागतें, हें आपल्या घरांतील प्रत्येक आजीस ठाऊक आहे. नोदाच्या कारखानदारांनीं तेंच संपूर्ण धंद्याच्या बाबतींत ओळखलें.