बनवाबनवी आणि आम्ही चौघे

दिवाळीला वाशिमला गेलो की गच्चीवर आम्हा चौघांचं 'अशी ही बनवाबनवी'चं परीक्षण ठरलेलं. सिनेमा १९८८चा. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १९९८ला झाला. असो.

यंदा मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, ही गोष्ट मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'ची. त्यातही राहायला जागा मिळावी म्हणून दोन मित्र बाया होतात.

"मंग? त्यात अशोक सराफ हाये काय बे?"

वाद खलास!

पुढे पुण्यात शिकताना आम्हीही घरमालकाला चुलतभाऊ असल्याचं सांगून खोली मिळवली होती. तिघांनीच. चौथ्याला भाडं परवडणारं नव्हतं, तो वाशिमलाच राहिला. सिनेमा सर्वांत जास्त पाठ आहे तो त्यालाच.