टीसीएलचं कूळ

ग्रामपंचायतीच्या अडगळीच्या खोलीत एक पांढऱ्या पावडरीची गोणी असते. पाठ्यपुस्तकं तिला विरंजक चूर्ण म्हणतात, गाव तिला टीसीएल म्हणतं. नाशिक जिल्ह्यातल्या विंचूर, लासलगाव, निफाड या पट्ट्यात ही पावडर पाण्याच्या टाकीवर लागते, द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांमधलं शेवाळ आणि बुळबुळीत थर काढायला याच कुळातलं क्लोरीन वापरतात, आणि अलीकडे ज्यांनी मळ्यातल्या बंगल्यापुढे पोहण्याचा हौद बांधला त्यांनाही शेवटी याच वाटेवर यावं लागतं. एवढ्या ओळखीच्या वस्तूचं मूळ पाण्यात नाही, कापडात आहे.

१७७४ साली स्वीडनच्या कार्ल शील यांनी मँगनीजचं काळं खनिज आणि मिठाचं आम्ल एकत्र करून एक पिवळट हिरवा, घसा कोंडणारा वायू काढला, तोच क्लोरीन. पुढे १७८५च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थोले यांनी या वायूने सूत पांढरं होतं हे दाखवलं आणि कापडवाल्यांचे कान टवकारले. तोवर युरोपात लिननचं कापड क्षारात उकळून, आंबलेल्या दुधात बुडवून महिनोन्‌महिने कुरणांवर उन्हात पसरावं लागे. पण वायू काही पोत्यात भरून नेता येत नाही. ही अडचण ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी सोडवली. विझवलेल्या चुन्यावरून तो वायू सोडला की चुना त्याला धरून ठेवतो, आणि हाती कोरडी पावडर येते. १७९९ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. उष्ण हवेत ही पावडर लवकर दम सोडते, म्हणून तिच्यात ओलावा शोषणाऱ्या कळीच्या चुन्याची भर घालून जो प्रकार निघाला तो ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. टीसीएल ही त्याची आद्याक्षरं.

कापडाकडून ही पावडर रोगाकडे वळली ती दुर्गंधीच्या वाटेने. सडका वास घालवते म्हणून ती गटारांत आणि शवागारांत पडू लागली. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना तिच्या पाण्यात हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये तिथे शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. तरीही हे औषध पिण्याच्या पाण्यात घालावं असं वाटायला आणखी पन्नास वर्षं गेली. स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छच असतं, हा समज फार चिवट होता.

आपल्याकडेही तोच होता. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवायला निवळीच्या बिया सांगितल्या आहेत. तुरटीचा खडा तर घरोघरी फिरला. दोन्ही उपाय खरे आहेत. गाळ खाली बसतो, रांजणाचा तळ दिसतो. पण पटकीचा जंतू तुरटीने मरत नाही. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना हा जंतू कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात सापडला. त्यानंतरच्या दशकात आग्र्याचे हँकिन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत सुरू केली. विहिरीचं पाणी गुलाबी होई. विहिरीत औषध टाकणं हे सरकारी काम आपल्या मुलखात तेव्हापासून रुळलं.

क्लोरीनचा मान त्याच सुमारास वाढत होता. १८९७ साली इंग्लंडच्या मेडस्टोनमध्ये विषमज्वराची साथ आल्यावर नळयोजना याच पावडरीने धुतली गेली, १९०५ साली लिंकन शहरात पाण्याला सतत क्लोरीन देणं सुरू झालं. पण खरा निकाल लागला तो अमेरिकेत, आणि तोही कोर्टात. जर्सी सिटीला पाणी देणाऱ्या कंपनीवर शहराने दावा लावला होता की पाणी करारात लिहिल्याइतकं शुद्ध नाही. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी २६ सप्टेंबर १९०८ पासून बूंटनच्या जलाशयातून येणाऱ्या पाण्यात या पावडरीचं द्रावण सोडायला सुरुवात केली. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात ‘विष’ घालणारा माणूस म्हणून त्यांची उलटतपासणी झाली. लील हटले नाहीत. त्यांच्या वडिलांना यादवी युद्धात दूषित पाण्यातून आमांश जडला होता आणि त्यातच ते गेले होते. कोर्टाने लील यांची पद्धत मान्य केली. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहरामागून शहराने ती उचलली. माझ्या मते या सबंध कुळकथेतला सर्वांत धीराचा माणूस हाच.

पोहण्याच्या तलावात क्लोरीन आलं ते लगेच त्यामागून, १९१०च्या सुमारास, ब्राऊन विद्यापीठाच्या तलावात. त्याआधी तलाव भरायचा, आठवडाभर पोहायचं आणि सगळं पाणी सोडून द्यायचं, हाच रिवाज होता.

आपल्याकडच्या आडाविहिरींसाठी एक अस्सल युक्ती नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली: एकात एक बसणारी दोन मडकी, दोन्हींना एकेक भोक. आतल्यात एक किलो टीसीएल आणि दोन किलो जाडी वाळू कालवून भरायची, तोंड बांधायचं, आणि पाण्याखाली किमान एक मीटर सोडायची. घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे क्लोरीन थोडं थोडं मिळत राहतं. कुंभाराच्या वस्तूने केलेलं हे काम मला फार आवडतं.

आता नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या पाण्यावर लासलगाव-विंचूरसह सोळा गावांची योजना आहे, आणि गावाच्या टाकीपाशी क्लोरीन तपासणारा जलसुरक्षक आहे. परीक्षानळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, आणि लगेच पिवळा रंग. त्याला सगळे ओटी टेस्ट म्हणतात. पहिल्या दहा सेकंदांत दिसलेला पिवळेपणा म्हणजे मोकळं, कामाचं क्लोरीन. नळीत पाणी ठेवून दिलं तर रंग आणखी चढतो, त्यात घाणीशी बांधलं गेलेलं क्लोरीनही आलं. म्हणून रंग तत्काळ वाचायचा.

घरच्या पोहण्याच्या हौदाचा घोळ मात्र औषध निवडण्यातच होतो. द्राक्षाच्या मुलखात मोरचूद हाताशी असतो, चुन्यासोबत त्याचं बोर्डो मिश्रण करून बागा फवारल्या जातात. म्हणून शेवाळ धरलेल्या हौदातही तोच पडतो. शेवाळ मरतं, पाण्याला निळी झाक येते, आणि पाहुणे म्हणतात काय सुंदर पाणी आहे! पण मोरचुदातलं तांबं शेवाळ मारायला जितकं तत्पर, तितकं माणसांच्या अंगावरून येणाऱ्या जंतूंवर नाही. पोरांचे केस हिरवट होतात त्याचा दोष क्लोरीनला दिला जातो, तो खरा तांब्याचा असतो.

मोरचूद सोडून क्लोरीनवर यायचं तर आधी हौदातलं बरंचसं पाणी बदलावं, सामू (पीएच) ७.२च्या आसपास आणावा, आणि मगच क्लोरीन द्यावं. सामू चढा असताना क्लोरीन दिलं तर विरघळलेलं तांबं फरशीवर काळपट हिरवे डाग धरतं. ५० हजार लिटरच्या हौदाला एक पीपीएम (लिटरला एक मिलिग्रॅम) क्लोरीन म्हणजे ५० ग्रॅम. ३३ टक्क्यांची ताजी टीसीएल असेल तर दीडशे ग्रॅम. ती थेट हौदात कधीच ओतू नये. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी संध्याकाळी हौदात सोडायची आणि साका फेकून द्यायचा. गढूळपणाची निम्मी तक्रार या साक्याचीच असते.

संध्याकाळीच का? उघड्यावरच्या पाण्यातलं मोकळं क्लोरीन भर उन्हात तासाभरात निम्म्याच्या खाली येतं. त्यावर सायन्युरिक आम्ल ३० ते ५० पीपीएम ठेवलं तर ते टिकतं, पण ट्रायक्लोर या क्लोरीनच्या गोळ्या रोज टाकणाऱ्यांच्या हौदात त्या गोळ्यांतलं हे आम्ल साठत जातं आणि क्लोरीनचा हात बांधतं. वाऱ्याने कांद्याची टरफलं आणि धूळ पडली की क्लोरीन आधी त्यांच्यावर खर्च होतं. हौदाला नाक चुरचुरवणारा वास येऊ लागला की लोक क्लोरीन कमी करतात. करायला हवं नेमकं उलट: तो वास घामा-लघवीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, आणि तो मोडायला भरपूर जादा मात्रा एकदम द्यावी लागते. रोज काही तास पंप चालवून सगळं पाणी गाळणीतून फिरवणं हे वेगळं काम आहे, ते क्लोरीन करत नाही.

गंमत अशी की याच विंचूरमध्ये २००१च्या द्राक्षप्रक्रिया धोरणातून वाइन पार्क उभा राहिला, आणि वाइन करणारे जाणकार मात्र क्लोरीनला तळघराच्या दारातही उभं करत नाहीत. लाकडाशी किंवा बुचाशी क्लोरीनचा संबंध आला आणि तिथे बुरशी असली की एक संयुग तयार होतं, त्याने वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. पाण्याचा रक्षक तिथे शत्रू ठरतो.

हौद असो की टाकी, टीसीएल घेताना पिशवीवरची तारीख बघा. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना विकत घेणं. उघडलेली पिशवी कोरड्या जागी, लोखंडापासून आणि खतांपासून लांब ठेवा. आम्लाच्या किंवा ट्रायक्लोरच्या भांड्यात ती चुकूनही मिसळू नका, त्यातून वायू सुटतो, आग लागते. आणि ओटी टेस्ट हौदाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यातलं किंवा टाकीच्या शेवटच्या नळाचं पाणी घेऊन करा.