कुळाचा दोष आणि धुराचा हिशोब

सांगली आणि मिरज यांच्यामध्ये, कुपवाडच्या शेजारी, वानलेसवाडी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि पुढे इथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम निघालं. औषध हाती नसलेल्या त्या काळात विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा एवढाच उपचार होता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवून दिला होता. तरीही क्षय घराण्यात चालत येतो ही समजूत पुढे कितीतरी वर्षं टिकली आणि सोयरीक जुळवताना आजार लपवला गेला. एका कोंदट खोलीत खोकल्यातून जंतू पसरत होता, दोष मात्र रक्ताला लागत होता. आज फुप्फुसाच्या कर्करोगाच्या जनुक-तपासणीबाबत मला तीच भीती वाटते. ही तपासणी फार मोलाची आहे. पण तिच्याकडे कुळाचा निवाडा मागितला, तर क्षयाच्या वेळची चूक आपण पुन्हा करू.

ही तपासणी मुख्यतः गाठीच्या तुकड्याची होते. काही वेळा रक्तात उतरलेल्या गाठीच्या अंशावरही ती करतात. ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड असेल तर ठराविक गोळ्या लागू पडतात, हे २००४ मध्ये स्पष्ट झालं. एएलकेचा बिघाड २००७ मध्ये सापडला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमाचे ९०७ रुग्ण होते, आणि त्यांतल्या सुमारे २३ टक्क्यांच्या गाठीत ईजीएफआरचा बिघाड होता. या रुग्णांना नेमकं औषध मिळू शकतं, ही मोठी गोष्ट आहे. मात्र हे बिघाड जवळजवळ नेहमीच माणसाच्या हयातीत फुप्फुसाच्या पेशीत घडलेले असतात. ते आईवडिलांकडून आलेले नसतात आणि मुलांकडेही जात नाहीत. कोणतं औषध द्यायचं ते रिपोर्ट सांगतो. बिघाड का झाला, हे सांगणं त्याचं काम नाही.

कारणांचा शोध दुसऱ्या वाटेनं झाला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि हा कर्करोग यांचा संबंध मांडला. त्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाचा होता: धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोन्हींच्या मुळाशी एकच आनुवंशिक घडण असेल तर? आक्षेप थिल्लर नव्हता. २००८ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावर या कर्करोगाशी जोडलेली एक जागा सापडलीही. पण तिथे निकोटिन पकडणाऱ्या ग्राहींची जनुकं आहेत, म्हणजे तिचा मोठा परिणाम धुराच्याच वाटेनं होतो. शिवाय सिगारेट सोडली म्हणून कुणाची जनुकं बदलत नाहीत, तरी धोका घटतो. डॉल यांनी पन्नास वर्षं ब्रिटिश डॉक्टरांचा मागोवा घेतला. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांचा तंबाखूमुळे वाढलेला मृत्यूचा धोका जवळपास पूर्ण टळला, पन्नाशीत सोडणाऱ्यांचा निम्मा. फिशर यांच्या आक्षेपाला यापेक्षा स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

आपल्याकडे डॉ. दा. ज. जस्सावाला यांनी १९६३ मध्ये मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. बिडीचा या आजाराशी असलेला संबंध त्यांच्या अभ्यासात दिसला. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो म्हणून ती सौम्य, हा समज आजही गावोगाव आहे आणि तो खोटा आहे. बिडी विझू नये म्हणून जोरानं आणि वारंवार ओढावी लागते. तो तंबाखू पिकवणारी निपाणी इथून फार लांब नाही. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला तो पिकाच्या भावासाठी. त्यांची मागणी रास्त होती, पण बिडी ओढणाऱ्याच्या छातीचा हिशोब त्या भावात कुणीच धरला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, ज्यांनी कधी बिडीला हात लावला नाही त्यांचं काय? टाटा मेमोरियलच्या एका नोंदीत सुमारे निम्मे रुग्ण धूम्रपान न करणारे होते. मग हे जनुकांचंच नव्हे का? तसं म्हणण्याआधी घर आणि कामाची जागा पाहायला हवी. दुसऱ्याच्या बिडीचा धूर, शेणी आणि पाचट जाळणाऱ्या चुली, डिझेलचा धूर हे सगळं छातीत जातंच. कुपवाडच्या एमआयडीसीत फौंड्र्या आहेत. वाळूचे साचे फोडताना आणि ओतकाम घासताना उडणारी बारीक सिलिका कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये जाहीर केलं. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं संशोधन तर इथे फार उपयोगी आहे: ईजीएफआरचा बिघाड असलेल्या पेशी निरोगी फुप्फुसातही आढळतात, आणि हवेतले सूक्ष्म कण दाह वाढवून त्यांना गाठीकडे ढकलतात. बिघाड आणि हवा यांची अशी जोडी असेल, तर रिपोर्टवरचा बिघाड हवेला निर्दोष ठरवत नाही.

रक्ताच्या नात्यात हा आजार असेल तर धोका काहीसा वाढतो, हेही खरं आहे. त्यातला काही भाग आनुवंशिक असणार आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण एका घरातली माणसं चूलही एकच वापरतात, आणि बापलेक अनेकदा एकाच कारखान्यात असतात. जुन्या क्षयाचे व्रणही धोका वाढवतात. त्यात एक्स-रेवरचा डाग पाहून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि कर्करोगाचे महिने वाया जातात. म्हणून जनुक-तपासणीच्या फॉर्मसोबत रुग्णानं किती वर्षं कोणतं काम केलं, मास्क आणि धूळ ओढणारे पंखे होते का, घरात जळण कोणतं होतं, हेही केसपेपरवर लिहिलं गेलं पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्यानंच सिलिकोसिस कळवणं बंधनकारक केलं होतं. त्यामुळे कामाचा इतिहास विचारणं ही नवी मागणी नाही, आणि त्यासाठी महागडं यंत्रही लागत नाही.