एडनमध्ये खोललेली स्प्राइट

१९६५ साली ब्रिटिश हवाई दलातले जॉन हेन्स एडनमध्ये होते. या बंदराचा कारभार एकेकाळी मुंबई इलाख्यातून चाले. तिथे एका सहकाऱ्याची जुनी ऑस्टिन-हिली स्प्राइट त्यांनी पूर्ण खोलून पुन्हा बांधायला मदत केली. कंपनीचे मॅन्युअल होते, पण ते शिकलेल्या मिस्त्रीसाठी लिहिलेले. सामान्य गाडीवाल्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता. म्हणून हेन्स यांनी खोलणी-जोडणीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले आणि १९६६ मध्ये त्याचे पुस्तक केले. पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. मला या घटनेचे मोल फार वाटते. ज्याला सगळे येते तो मधल्या पायऱ्या गाळतो. ज्याचे बोट नुकतेच अडले आहे, तोच त्या नोंदवतो. हेन्स यांची पुढची मॅन्युअलेही गाडी प्रत्यक्ष खोलून, पुन्हा जोडूनच तयार झाली.

याची सुरुवात स्पोर्ट्‌स कारपासून झाली हेही सयुक्तिक होते. १९५८ची स्प्राइट दिसायला चैनीची, पण तिचे ९४८ सीसीचे इंजिन मॉरिस मायनरसारख्या घरगुती गाड्यांतले, स्टिअरिंगही मायनरचेच. त्या मायनर तर दहा लाखांवर विकल्या गेल्या. म्हणजे स्प्राइटवर बसलेला हात अशा गाड्यांवरही चाले. पुढचे मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खे बॉनेट वर उचलले की इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे. क्लच प्लेट बदलायची तरी इंजिन उतरवावे लागे. ही अडचण खरी, पण शिकणाऱ्याला तीच आतपर्यंत नेई.

मुंबईच्या गॅरेजांतली पोरे पुस्तकाशिवाय, उस्तादाच्या हाताखालीच तयार झाली, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. इंजिनचा ठोका कानानेच ओळखावा लागतो. पण ती विद्या उस्तादाच्या मर्जीवर आणि पोराच्या कित्येक वर्षांच्या राबण्यावर अवलंबून असते. हेडचे नट मधून बाहेर, क्रमाने, ४० पौंड-फुटांपर्यंत आवळायचे, हे मात्र छापता येते, आणि ज्याला उस्ताद नाही त्यालाही मिळते. दुसरा आक्षेप आजच्या संगणकबद्ध गाड्यांचा. त्यातही तथ्य आहे: हेन्स कंपनीने नव्या गाड्यांची छापील मॅन्युअले थांबवण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर केला. तरीही स्कॅनर फार तर कोणता सिलिंडर मिसफायर करतो ते सांगतो. कारण इग्निशन आणि इंधनात सापडले नाही, तर पुढे प्लग काढून कॉम्प्रेशन मोजावेच लागते. ते कमी भरले, तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब चढला तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे वळायचे. स्प्राइटच्या ९४८ सीसीच्या इंजिनातही हा दोष असाच शोधत.