सोवळे सुटले, घर मोठे झाले



नाताळ जवळ आला की आपल्या मोहगावात संत्र्यांची तोड चाललेली असते आणि नागपूर-छिंदवाड्याकडच्या नातलगांचे निरोप येऊ लागतात. आनंद होतोच, पण घरच्या बाईच्या पोटात गोळाही येतो. करंज्या, अनारसे, अंथरुणे, आणि राबणारे हात दोनच! अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना पवित्र शास्त्र वाचायला सांगितले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाकपाणी वेगळेच ठेवले. मग त्यांच्या मनाने घेतले, की जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला. ते बंधन गळून पडले आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

पुढे त्यांच्या घरी पाहुण्यांचा आणि निराधार मुलांचा राबता राहिला. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, ओढाताण नेहमीची. तरी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सारे हसत हसत सांगितले आहे.

आपले सोवळे आज वेगळे आहे. “जाऊबाईंकडे पाच पदार्थ होते, माझ्याकडे तीनच,” हेही सोवळेच! बेथानीत मार्थेचे तेच झाले. तिची सेवा चुकीची नव्हती. पुष्कळ गोष्टींची काळजी तिला ओढून नेत होती. प्रभूने तिला प्रेमाने, दोनदा नाव घेऊन थांबवले.

म्हणून यंदा एवढे करून पाहू. येणाऱ्यांना आधीच सांगू: ताई, तुम्ही चिवडा आणा, वहिनी, करंज्या आपण मिळून लाटू. भांडी पुरुषांनी आणि मुलांनी घासावीत. एका जेवणाला साधे वरण, भात, भाजी पुरे. आणि नाताळच्या सकाळी उपासनेला घरची बाईही सर्वांबरोबर निघावी. चूल तिच्यासाठी थांबेल.

प्रार्थना: हे प्रभू, तू गव्हाणीत जागा मिळाली तरी आमच्यात आलास. आमच्या घरातला दिखावा काढ आणि तुझ्यापाशी बसायला आम्हांला वेळ दे. आमेन.