पुकारणाऱ्याचा परवाना

गडचांदूरच्या स्टँडबाहेर सकाळी उभे राहिले की 'राजुरा, राजुरा, बल्लारशा, चंद्रपूर' असा पुकारा कानावर येतो. पुकारणारा माणूस गाडीचा मालक नसतो, चालकही नसतो. काळीपिवळी भरून द्यायची आणि गाडीमागे काही रुपये घ्यायचे, एवढाच त्याचा धंदा. लोक त्याला एजंट म्हणतात. गाडीत किती माणसे कोंबायची हे बहुतेक वेळा तोच ठरवतो. वाटेत काही बरेवाईट झाले तर मात्र पोलीस चालकाला शोधतात, मालकाला शोधतात; त्याला कोणी विचारत नाही.

या माणसाची गाठ मला अचानक मोटार वाहन कायद्याच्या पुस्तकात पडली. १९८८ च्या कायद्याचे कलम ९३ त्याच्यासाठीच लिहिलेले आहे. प्रवासी वाहनांची तिकिटे विकणाऱ्या किंवा त्यांच्यासाठी गिऱ्हाईक गोळा करणाऱ्या एजंटाने परवाना घेतला पाहिजे, असे ते सांगते. २०१९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि याच कलमात आणखी एक नाव घातले: ॲग्रिगेटर. ओला, उबर यांच्यासारख्या कंपन्यांना आपल्या कायद्यात जागा मिळाली ती ही. वाहतूक करणाऱ्यांच्या रांगेत नव्हे, तर आमच्या स्टँडवरच्या पुकाऱ्याच्या शेजारी. ॲग्रिगेटर म्हणजे प्रवाशाची चालकाशी गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ, अशी त्याची व्याख्याही कायद्यात आहे.

ही जागा कशी ठरली हे समजायला थोडे मागे जावे लागते.

भाड्याच्या गाडीवर आपल्याकडे इंग्रजांनी पहिल्यापासून एकच उपाय केला: गाडीला नाव-नंबर द्या आणि जबाबदार माणूस शोधून ठेवा. १८६१ च्या स्टेज कॅरेज कायद्यात घोड्याच्या टपाल-उतारू गाड्यांना मॅजिस्ट्रेटचा परवाना लागे. परवान्यात मालकाचे नाव, जास्तीत जास्त किती उतारू, किती वजनाचे सामान, किती जनावरे हे लिहिलेले असे आणि हा तपशील गाडीवर ठळक रंगवावा लागे. जास्त माणसे बसवली तर दंड. मुंबई शहरासाठी दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, स्वतंत्र कायदा झाला. मध्य प्रांताला १८७९ चा हॅकनी कॅरेज कायदा लागू झाला, पण तो नगरपालिका आणि छावण्यांपुरता. पालिकेने गाड्या आणि हाकणारे या दोघांना परवाने द्यायचे, दर ठरवायचे, दिव्यांचे आणि जनावरांचे नियम करायचे, गाडीत विसरलेल्या सामानाचीही व्यवस्था लावायची.

या १८७९ च्या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. भाड्यावरून वाद झाला तर उतारू गाडीवानाला सांगू शकत असे, 'चल, गाडी कचेरीत घे.' जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे दोघे उभे राहत आणि निवाडा तिथेच होई. गाडीवान गरीब, उतारू बहुधा साहेब. निकाल कोणाकडे झुकत असेल याचा अंदाज बांधता येतो. तरी समोर माणूस होता. आज तक्रार करायची तर फोनच्या पडद्यावर चार पर्याय येतात आणि त्यांत आपले दुखणे बसत नाही.

हे सगळे वर्धा नदीच्या पलीकडचे. चांदा मध्य प्रांतात होता. अलीकडचा आमचा राजुरा तालुका मात्र हैदराबाद संस्थानात. इंग्रजी मुलखातला कायदा नदी ओलांडून आपोआप येत नसे. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली, ती संस्थानच्या हुकमतीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. आमच्या बापजाद्यांनी एका जागी बसून तीन जिल्हे पाहिले ते असे.

पाटी आणि बिल्ला यांनी माणूस सापडतो, पण गुन्हा झाल्यावर. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात एका बीपीओ कंपनीत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने साथीदारासह पळवून नेले, बलात्कार करून मारले. गाडी ओळखीची होती, चालकही कंपनीला माहीत होता. गाडीत दुसरा माणूस बसला आहे, गाडी वाट सोडून चालली आहे, हे त्या क्षणी पाहणारे कोणी नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत बलात्कार झाला तेव्हा चालकावर आधीचे गुन्हे नोंदलेले निघाले. तिथे ॲपकडे चालकाचे नाव, फोटो, नंबर सगळे होते.

या घटनांनंतर नियमांची दिशा बदलली. नोव्हेंबर २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत चालकाची पोलीस पडताळणी, गाडीवर सतत लक्ष ठेवण्याची सोय, चालकाचे प्रशिक्षण या गोष्टी आल्या. प्रवाशाच्या बाजूने हे योग्यच झाले.

चालकाच्या जिवाचा विचार मात्र कायद्याला उशिरा सुचला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण पाच किंवा अधिक कामगार असतील त्या आस्थापनेला. कर्ज काढून एक गाडी घेतलेला आणि ती स्वतःच चालवणारा माणूस त्यात येतच नसे. आमच्या रस्त्यांवर चालक बहुधा तसाच असतो. ॲपच्या धंद्यातही असे चालक कमी नाहीत. २०२० च्या सूचनांनी पहिल्यांदा ही फट बुजवायचा प्रयत्न केला: दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त लॉग-इन नको, मग १० तास विश्रांती, किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा, भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला. एकाच माणसाने दोन-तीन ॲपवर गाडी चालवली तर तास एकत्र मोजायचे, हेही त्यात होते. झोपाळलेला चालक हा प्रवाशालाही धोका असतो, हे कारण इथे कामी आले असावे असा माझा तर्क आहे.

पण सूचना म्हणजे नियम नव्हे. महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवान्याविना चालणाऱ्या ॲग्रिगेटरांना अर्ज करायला लावले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात परवान्याविना चालणारी रॅपिडोची सेवा उच्च न्यायालयाच्या तंबीनंतर थांबली. राज्याचे ॲग्रिगेटर कॅब धोरण यायला मे २०२५ उजाडले. तोवर गाड्या रस्त्यावर होत्याच. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक हे 'कामगार' आहेत आणि ॲप चालू करून ते काम घ्यायला तयार झाले की कामाचे तास सुरू होतात, असा निकाल दिला. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द कायद्यात आणले. त्यांना मालक-नोकराच्या नात्याबाहेर ठेवून.

इथे पुन्हा कलम ९३ कडे यावे लागते. १८६१ चा मॅजिस्ट्रेट दंडासाठी मालकाकडे बोट दाखवू शकत होता, कारण गाडीही त्याची आणि कमाईही त्याची. ॲपचा मालक गाडीचा मालक नाही. पण दर तो सुचवतो, कोणता चालक कोणत्या प्रवाशाकडे जाईल ते तो ठरवतो, चालकाला कामावरून 'बंद'ही तोच करतो. एवढे सगळे करणाऱ्याला पुकाऱ्याच्या रांगेत बसवणे हे मला पटत नाही. शिक्षेचे कलम १९३ पाहा. बिनपरवाना एजंटाला पहिल्या वेळी १,००० रुपये दंड, पुन्हा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. बिनपरवाना ॲग्रिगेटरला २५,००० ते १ लाख रुपये दंड. त्या पोटकलमात कैदेचा उल्लेख नाही.

हे वाचून झाल्यावर एकदा मी स्टँडवरच्या एजंटाला विचारले, 'भाऊ, तुझ्याकडे परवाना आहे का? तुलाही लागतो म्हणे.' तो हसला. 'मला कायचा परवाना, काका? गाडी माझी थोडीच आहे!' मग जीवतीची गाडी लागली आणि तो तिकडे पळाला. त्या गाडीच्या दारावर आसनक्षमता रंगवलेली होती. आकड्यावर चिखल बसला होता, आणि मागच्या फळीवर दोन पोरे उभी होती.