वऱ्हाडातील एकखोली शाळा

विद्यारंभाला आपण ‘ओनामा’ म्हणतो. ‘ॐ नमः सिद्धम्’ या नमनाचाच तो अपभ्रंश. सिद्धांना वंदन करणाऱ्या आपल्या समाजास त्याचे विशेष अगत्य वाटावे. जुन्या गावठी शाळेत पंतोजी देवळाच्या ओसरीवर किंवा कोणाच्या पडवीत मुलांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. निरनिराळे वर्ग नव्हते. थोरली मुले धाकट्यांकडून उजळणी म्हणवून घेत. मोडी वाचन आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाठांतर, एवढाच अभ्यास. आज तो तोकडा वाटेल. परंतु पावणेदोन रुपये वाराचे साडेतीन वार कापड फाडताच ‘सहा रुपये दोन आणे’ असे तोंडी सांगणारा मुनीम याच शाळेने घडविला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मीटर आला, आणि ही विद्या दुकानातून उठली.

१८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजी अंमलाखाली गेला. पुढे सरकारी शाळा निघाल्या, त्या प्रथम मोठ्या गावी. खामगावसारख्या कापसाच्या पेठेस १८७० मध्ये रेल्वे मिळाली. आडवळणाच्या खेड्यास मात्र गुरुजीही मिळेना.

यावर १९३७ नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना काढली. गावकऱ्यांनी जमीन दान द्यावी व तिच्या उत्पन्नातून शाळेचा आणि शिक्षकाचा खर्च भागावा, अशी ती कल्पना. विश्वस्त म्हणून काम केलेल्यास हे तत्त्व परिचयाचे आहे. मात्र कोरडवाहू जमिनीवर वेतन टांगून ठेवणे मला व्यवहाराचे वाटत नाही. पाऊस चुकला की पगार चुकणार! ‘मंदिर’ या नावासही मुस्लिम लीगने विरोध केला. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेड्यातील शाळा त्यांच्याकडे आल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेस किमान दोन खोल्या व दोन शिक्षक असावेत असे ठरविले, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दोन शिक्षक बंधनकारक केले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळेत एकत्र करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. एका खोलीत चार इयत्ता शिकविणे कठीणच. पण सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांतील वस्त्यांमध्ये श्रावणात नाले भरून वाहतात. सहा वर्षांच्या मुलीने पलीकडच्या गावी जायचे कसे, हे आधी ठरावयास हवे.